कॉलेजची चौकशी सुरू आहे, मुलाने सही करावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता नॉर्थ कॅरोलिनात असतो. धाकटा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, जन्म इथलाच. उंची सहा फूट तीन इंच, पॉइंट गार्ड खेळतो. एका डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजने पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली आहे आणि हा तोंडी 'हो' म्हणून बसला आहे. गेल्या महिन्यात बातमी आली की कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने त्या कॉलेजच्या बास्केटबॉल प्रोग्रॅमची चौकशी सुरू केली आहे, एका असिस्टंट कोचवर आरोप आहेत. हेड कोच फोनवर म्हणाले, "जुनं प्रकरण आहे, काही होणार नाही." दुसऱ्या एका कॉलेजचा कोच मात्र दर आठवड्याला फोन करून सुचवतो की तिथे बॅन येणार, पोराची वर्षं फुकट जाणार. ह्यांचं म्हणणं, चौकशी लागली म्हणजे पाणी मुरतंय, त्या कॉलेजचा नाद सोडा. मुलगा ऐकत नाही. त्याच्या उन्हाळी एएयू टीमचे (शाळेबाहेरची क्लबची टीम) कोच म्हणतात, "तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघतो सगळं." लास व्हेगासच्या स्पर्धेच्या वेळी आम्हा दोघांची विमानाची तिकिटंही त्यांनीच एका ओळखीच्या माणसाकडून काढून दिली होती. नोव्हेंबरात सही करायची आहे. काय करावं?
— एक आई

उत्तर :

पत्रात कॉलेजचं नाव होतं, ते मी इथे छापत नाही. चौकशी पूर्ण होण्याआधी आपण निकाल लावणं बरं नाही. आणि खरं सांगायचं तर नावाने माझ्या उत्तरात फारसा फरकही पडत नाही.

एका विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसात मी काही वर्षं काम केलं आहे. नियम पाळले जातात की नाही हे बघणारं ते खातं. आईवडील तिथे यायचे तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तुमच्यासारखाच असायचा : बॅन येईल का? मार्च महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत आमचं पोर खेळेल ना? प्रश्न चुकीचा नाही. पण तुमच्या पत्रात मला त्याहून जास्त टोचल्या त्या दोन गोष्टी : हेड कोचचं "काही होणार नाही", आणि विमानाची ती तिकिटं, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. त्यांच्याकडे येते. आधी बॅनचं बघू, कारण घरातली भांडणं त्यावरून चालली आहेत.

तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की चौकशी लागणं आणि दोषी ठरणं यात कधीकधी चार वर्षांचं अंतर असतं. कॅन्सस विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २०१७ च्या सप्टेंबरात एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीवरून दहा जणांना पकडलं. त्यात ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि यूएससी इथले चार असिस्टंट कोच होते, आदिदासचा एक अधिकारीही होता. त्या धाग्यावरून एनसीएएने कॅन्ससला आरोपपत्र दिलं ते २०१९ च्या सप्टेंबरात, पाच आरोप आणि सगळे सर्वांत गंभीर पातळीचे. निकाल लागला ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधल्या काळात, डोक्यावर ही टांगती तलवार असताना, कॅन्ससने २०२२ चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं! शेवटी बॅन आलाच नाही. तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेख, मिळालं, २०१७-१८ च्या मोसमातले काही विजय रद्द झाले आणि २०१८ च्या 'फायनल फोर'चा (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) बॅनर उतरला. चौकशीला घाबरून ज्यांनी २०२० मध्ये कॅन्ससला नकार दिला असेल, त्यांना हे बघून काय वाटलं असेल कोण जाणे.

आता याच्या अगदी उलट गोष्ट, तीही त्याच प्रकरणातली. ओक्लाहोमा स्टेटचा असिस्टंट कोच लॅमाँट इव्हान्स याने लाच घेतली. खेळाडूंना ठरावीक आर्थिक सल्लागाराकडे वळवायचं, हे त्याचं काम. २०१७ मध्येच कॉलेजने त्याला काढून टाकलं, पुढे तो तुरुंगातही जाऊन आला. कॉलेजला एनसीएएची शिक्षा आली जून २०२० मध्ये : एक मोसम राष्ट्रीय स्पर्धेवर बंदी, स्कॉलरशिप कमी, प्रोबेशन. तेव्हा देशातला सर्वांत गाजलेला हायस्कूल खेळाडू केड कनिंगहम याने त्या कॉलेजला आधीच होकार दिलेला होता. सगळ्यांना वाटलं, आता हा निघणार. तो थांबला. त्याचा थोरला भाऊ तिथेच कोचिंग स्टाफमध्ये होता हेही खरं, त्यामुळे त्याच्या थांबण्याला उगाच देवत्व द्यायला नको. कॉलेजने अपील केलं, अपील लांबलं, आणि अपील चालू आहे म्हणून २०२१ ची स्पर्धा ते खेळले. केड त्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि बंदी भोगली ती पुढच्या मोसमाच्या मुलांनी. इव्हान्स लाच घेत होता तेव्हा त्यातली बहुतेक मुलं हायस्कूलमध्ये होती.

यातली मेख लक्षात आली का? चुकी एकाची, मिरवून गेला दुसरा आणि भोगलं तिसऱ्याने. बॅन आलाच तर तो कोणत्या वर्षी येईल हे कुणीही सांगू शकत नाही. तुमचे हेड कोचही नाही आणि दर आठवड्याला फोन करणारे ते दुसरे गृहस्थही नाहीत.

त्यात आणखी एक खोच आहे. कधीकधी एनसीएएची वाट न बघता कॉलेज स्वतःच स्वतःवर बंदी घालून घेतं, म्हणजे पुढची शिक्षा हलकी होईल. कोणतं वर्ष निवडायचं हे मग कॉलेजच्या हातात असतं, आणि स्पर्धेत फार पुढे जाण्याची आशा नाही असं वर्ष सोयीचं पडतं. ऑबर्न आणि ॲरिझोना या दोघांनीही २०२०-२१ च्या मोसमातली राष्ट्रीय स्पर्धा अशी सोडून दिली. ऑबर्नचा संघ त्या वर्षी अगदी कोवळा होता. पुढच्याच मोसमात ते देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. हिशेब म्हणून हुशारीच म्हणायची, पण ज्या मुलाचं कॉलेजातलं ते एकच वर्ष होतं त्याला जाऊन विचारा.

याहून वाईट लुईव्हिलमध्ये झालं. डेमियन ली आणि ट्रे लुईस हे दोघे आपापल्या आधीच्या कॉलेजांतून पदवी घेऊन शेवटच्या एका वर्षासाठी तिथे आले होते. कारण एकच, मार्चच्या स्पर्धेत एकदा तरी खेळायला मिळावं. संघ मस्त चालला होता. ५ फेब्रुवारी २०१६ ला, मोसमाच्या मध्यावर, विद्यापीठाने जाहीर केलं की यंदा आम्ही स्पर्धेत उतरणार नाही. प्रकरण होतं ही दोघं यायच्या आधीचं, खेळाडूंच्या वसतिगृहातल्या लाजिरवाण्या पार्ट्यांचं. त्या दोघांना ती स्पर्धा मिळाली नाही ती नाहीच. ली पुढे एनबीएत खेळला, म्हणजे आयुष्य संपलं नाही. पण मला आजही ते प्रकरण आठवलं की विद्यापीठाचा राग येतो.

तुमच्या बाजूने जमेची गोष्ट अशी की गेल्या काही वर्षांत वारं बदललं आहे. ज्यांचा संबंध नाही अशा मुलांना शिक्षा करू नये हा विचार एनसीएएच्या नियमांतच आला, आणि आता बंदीपेक्षा दंडावर भर दिसतो. टेनेसीच्या फुटबॉल प्रोग्रॅमला २०२३ मध्ये ८० लाख डॉलरच्या वर दंड झाला, पण खेळाडूंवर स्पर्धाबंदी आली नाही. त्यामुळे 'वर्षं फुकट जातील' ही भीती मी तुमच्या जागी असते तर मनात ठेवली असती, पण पहिल्या क्रमांकावर नाही.

पहिल्या क्रमांकावर कोच.

चौकशीत भरतीचं खरं नुकसान होतं ते इथे. लुईझियाना स्टेटचे हेड कोच विल वेड यांच्यावर बरीच वर्षं संशय होता, फोनवर एका खेळाडूसाठी केलेल्या 'ऑफर'चं टेप केलेलं संभाषणही चव्हाट्यावर आलं होतं. तरी कॉलेज त्यांना सांभाळत राहिलं, आणि ते चांगले खेळाडू आणतच राहिले. मार्च २०२२ मध्ये एनसीएएचं आरोपपत्र हातात पडलं आणि राष्ट्रीय स्पर्धा दारात असताना त्यांना काढून टाकलं. पुढच्या काही आठवड्यांत जवळजवळ अख्खा संघ पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद) किंवा ड्राफ्टकडे गेला. नवे कोच आले तेव्हा त्यांना रिकाम्या जिममधून सुरुवात करावी लागली, एवढंच म्हणायचं बाकी होतं. आता गंमत बघा. वेड यांच्यावर २०२३ मध्ये निर्बंध आले तेव्हा त्यांना दुसरीकडे नोकरी मिळालेली होती, आणि २०२५ मध्ये तुमच्याच राज्यातल्या एनसी स्टेटने त्यांना घेतलं. तशीच केल्विन सॅम्पसन यांची कथा. इंडियानात असताना मुलांना नियमाबाहेर फोन केले म्हणून २००८ मध्ये त्यांना जावं लागलं, पाच वर्षं कॉलेजमध्ये काम करणं जवळपास अशक्य झालं. फोनवरची ती मर्यादा पुढे २०१२ मध्ये एनसीएएनेच उठवली! सॅम्पसन ह्यूस्टनला गेले आणि २०२५ ची राष्ट्रीय फायनल खेळले, फक्त दोन गुणांनी हरले. इंडियानाचा संघ मात्र ते गेल्यानंतरच्या मोसमात ६ सामने जिंकला आणि २५ हरला. कोच सावरतात. त्यांच्या भरवशावर गेलेली मुलं मागे उरतात.

म्हणून मुलाला विचारा, आणि त्याला खरं उत्तर द्यायला वेळ द्या : हा हेड कोच उद्या गेला तरी तुला या कॉलेजात राहायचं आहे का? तिथला अभ्यास, गाव, त्याला आवडलेला तो विषय, बाकीची मुलं, हे सगळं धरून. उत्तर 'हो' असेल तर चौकशीमुळे मागे फिरायचं कारण मला दिसत नाही. उत्तर 'नाही' असेल तर चौकशी नसती तरी मी सावध केलं असतं, कारण कोच काय, चांगली नोकरी मिळाली तरी जातातच.

केंटकीचं जुनं प्रकरण या बाबतीत मला फार बोलकं वाटतं. १९८८ मध्ये केंटकीच्या ऑफिसातून एका खेळाडूच्या वडिलांना पाठवलेलं कुरिअरचं पाकीट वाटेतच उघडलं आणि आत १००० डॉलर निघाले. त्यात एका खेळाडूच्या परीक्षेतल्या गैरप्रकाराची भर पडली. दोन वर्षं स्पर्धाबंदी आली, कोच गेले, बरेच खेळाडू गेले. चार जण राहिले. पेलफ्री, फार्मर, फेल्डहाउस आणि वुड्स. त्यातले तिघे केंटकीचेच. बंदी संपल्यावर १९९२ मध्ये याच चौघांनी ड्यूकला शेवटच्या क्षणापर्यंत झुंजवलं. ख्रिश्चन लेटनरच्या त्या शॉटवर ते हरले, आणि आज त्यांच्या जर्स्या तिथल्या स्टेडियममध्ये छताला टांगलेल्या आहेत. पण मी ही कथा तुमच्या मुलाला ऐकवायला सांगत नाही. अठरा वर्षांच्या पोराला हुतात्मा व्हायची हौस पटकन लागते. ती चौघं राहिली कारण त्यांना तिथेच राहायचं होतं, आणि त्या काळी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आज तसं नाही. आता पोर्टल आहे, बदली करून लगेच खेळता येतं, आणि हेड कोच बदलला तर संघातल्या मुलांना पोर्टलसाठी वेगळी मुदतही मिळते. ती किती दिवसांची हे बदलत राहतं, सही करण्याआधी ताजा नियम विचारून घ्या. म्हणजे निर्णय पूर्वीइतका जन्माचा राहिलेला नाही, हे तुमच्या यजमानांना जरूर सांगा.

हेड कोचच्या "काही होणार नाही"बद्दल. एक तर त्यांना ते माहीत असणं शक्य नाही. दुसरं म्हणजे चौकशी चालू असताना प्रकरणाबद्दल बोलायला कॉलेजचे वकील त्यांना मनाई करतात, त्यामुळे ते काही सांगत नाहीत याचा अर्थ लपवतात असा नाही. पण "मला बोलता येत नाही" म्हणणारा कोच आणि "काही होणार नाही" म्हणणारा कोच यांत मी पहिल्यावर जास्त विश्वास ठेवेन. तुम्ही त्यांना प्रकरणाचा तपशील विचारू नका. विचारायचं ते हे, आणि शक्यतो कम्प्लायन्स ऑफिसलाही, ईमेलवर : आरोपपत्र आलं आहे का, की अजून नुसती विचारपूस आहे? आरोप पैशांचा आहे, अभ्यासातल्या गैरप्रकाराचा, की सट्ट्याचा? सट्ट्याचं मी मुद्दाम लिहितेय. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन होसे स्टेटच्या खेळाडूंना त्यासाठी कायमचं बाद केलं गेलं. तसलं प्रकरण ड्रेसिंग रूमच्या आतलं असतं, तुमच्या मुलाचा रोजचा वावर तिथेच असणार, तेव्हा मी त्याला जास्त घाबरेन. ज्या असिस्टंट कोचवर आरोप आहे, तुमच्या मुलाला आणणारा तोच होता का? असेल तर तुमच्या मुलाशी झालेले फोन आणि मेसेजही कुणीतरी वाचेल, त्यात लपवण्यासारखं काही नसलं तरी मनाची तयारी असू द्या. आणि स्कॉलरशिप चार वर्षांची लेखी आहे की दरवर्षी नव्याने मिळणार? हा प्रश्न तुमच्या पत्रात नव्हता आणि तो सगळ्यात आधी हवा होता. 'पूर्ण स्कॉलरशिप' हे शब्द दोन्हींसाठी वापरतात. नवे कोच आले की दरवर्षीचा कागद फार पातळ निघतो.

चौकशीत असलेल्या कॉलेजचा कोच मधेच कित्येक आठवडे गप्प झाला तर लगेच मनाला लावून घेऊ नका. कॉलेज स्वतःहून जी शिक्षा घेतं तिच्यात भरतीवरची बंधनं असतात : मुलांना कॅम्पसवर बोलावण्याच्या भेटी कमी करणं, काही काळ फोन बंद, कोचने बाहेर मुलं बघायला न जाणं. कॅन्ससचे बिल सेल्फ २०२२ मध्ये एप्रिल ते जुलै असे चार महिने कॅम्पसबाहेर भरतीला गेले नव्हते. कॉलेजने ते जगाला सांगितलं नोव्हेंबरात.

आता ते दर आठवड्याचे फोन. या धंद्यात याला 'निगेटिव्ह रिक्रूटिंग' म्हणतात आणि ते सर्रास चालतं. तुमच्या राज्यात याचा सगळ्यात मोठा धडा आहे. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात नावापुरत्या वर्गांचं प्रकरण उघडकीला आलं, त्याची चौकशी कितीतरी वर्षं रेंगाळली. कोच रॉय विल्यम्स उघड तक्रार करायचे की इतर कॉलेजं याचा फायदा घेऊन मुलं पळवतात. किन्स्टनचा ब्रँडन इंग्रॅम, म्हणजे त्यांच्या अंगणातला मुलगा, २०१५ मध्ये ड्यूकला गेला आणि तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते या चौकशीच्या सावटाकडेच. पुढे काय झालं? २०१६ ला चॅपल हिल फायनलमध्ये, २०१७ ला विजेते, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात एनसीएएच्या समितीने सांगितलं की आमच्या नियमांत हे बसतच नाही, शिक्षा नाही. (तो निकाल मला पटला नव्हता, तो विषय वेगळा.) इंग्रॅमचंही काही बिघडलं नाही, एका वर्षात तो एनबीएत दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. फोन करणाऱ्या त्या कोचला मुलाने एकदा शांतपणे विचारावं, "तुमच्या टीममध्ये माझ्या जागेवर कोण कोण आहे आणि मी पहिल्या वर्षी किती खेळेन?" दुसऱ्याच्या कॉलेजबद्दल बोलणारा माणूस स्वतःच्या कॉलेजबद्दल काय बोलतो तेवढंच ऐकायचं. तिथे ठोस काही मिळालं तर तेही कॉलेज बघा की, त्यात पाप नाही. तोंडी होकार कुणालाच बांधून ठेवत नाही, ना तुम्हाला ना कॉलेजला.

आता तिकिटं.

एएयूच्या कोचबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. बरेचसे कोच पदरमोड करून मुलांना गाडीने घेऊन जातात. पण 'ओळखीच्या माणसाने' आईवडिलांची तिकिटं का काढली? तो कुणाचा माणूस आहे? एखाद्या एजंटचा, बुटांच्या कंपनीचा, की एखाद्या कॉलेजला देणग्या देणारा, ज्याला इथे बूस्टर म्हणतात? तुम्हाला माहीत नाही असं पत्रावरून दिसतं, आणि नेमकं तेच मुलाच्या अंगाशी येऊ शकतं. या सगळ्या प्रकरणांत मुलांचं खेळणं थांबलं ते बहुतेक वेळा घरच्या मोठ्यांच्या व्यवहारांमुळे. ब्रायन बोवेन हा मुलगा लुईव्हिलला गेला. त्यासाठी त्याच्या वडिलांना आदिदासच्या लोकांकडून १ लाख डॉलर द्यायचं ठरलं होतं, हे २०१७ च्या त्या प्रकरणात बाहेर आलं. मुलाने आपल्याला ठाऊक नव्हतं असं सांगितलं. तो कॉलेजचा एकही सामना खेळू शकला नाही, शेवटी ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये गेला. कॅन्ससच्या सिल्व्हिओ डी सूसाच्या पालकाने एका एजंट-बूस्टरकडून २५०० डॉलर घेतले होते. अख्खा एक मोसम मुलगा खेळाबाहेर राहिला. मेंफिसच्या जेम्स वाइजमनची गोष्ट तर आईवडिलांनी पुन्हा पुन्हा वाचावी अशी. त्याच्या आईला मेंफिसला घर हलवण्यासाठी पेनी हार्डवे यांनी ११,५०० डॉलर दिले होते. हार्डवे तेव्हा हायस्कूलचे कोच होते. पण त्यांनी २००८ मध्ये विद्यापीठाला १० लाख डॉलरची देणगी दिलेली होती, म्हणून ते नियमाने बूस्टर, आणि नंतर तेच विद्यापीठाचे कोच झाले. वाइजमनला बारा सामन्यांची बंदी आली आणि ११,५०० डॉलर दान करायला सांगितलं. तीन सामने खेळून तो कॉलेजच सोडून गेला. हार्डवे यांच्यावर या प्रकरणात २०२२ मध्ये काहीच कारवाई झाली नाही.

तुम्ही म्हणाल, आता तर मुलांना उघड पैसे मिळतात. मिळतात. जुलै २०२१ पासून नाव आणि चेहरा वापरू देण्याचे करार (यालाच एनआयएल म्हणतात) करता येतात, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं. बोवेनच्या वडिलांना मिळणार होते तसे पैसे आज एखादी बूट कंपनी करार करून, नोंद करून, राजरोस देऊ शकते. पण नोंद करून. तिसऱ्या कुणाशी ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार झाला की तो 'एनआयएल गो' या व्यवस्थेत दाखवावा लागतो. तुमचा मुलगा जन्माने इथला नागरिक आहे म्हणून एक मोठी कटकट टळली. एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी असे पैसे घेतले तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो, त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. हे वाचणाऱ्या बाकीच्या आईवडिलांसाठी लिहिलं.

तर तिकिटांचं असं करा. एएयूच्या कोचकडून त्या माणसाचं पूर्ण नाव आणि तो काय करतो हे विचारून घ्या. लाजू नका, आणि "सोडा हो ताई" असं उत्तर आलं तर दुसऱ्यांदा विचारा. तिकिटांच्या ईमेल, रकमा, तारखा शोधून ठेवा. मग सही करण्याआधी, ज्या कॉलेजात जायचं ठरेल तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला हे सगळं स्वतःहून कळवा. कोचमार्फत नको, थेट. लहान रकमांच्या बाबतीत बहुधा तेवढी रक्कम कुठल्याशा संस्थेला दान करायला सांगतात, फार तर काही सामने बाहेर बसवतात, आणि प्रकरण मिटतं. ज्या कॉलेजवर आधीच चौकशी आहे तिथले लोक अशा कागदाची किंमत जास्त ओळखतात, ते हे टाळणार नाहीत. पैसे लगेच त्या माणसाला परत करून टाकू असं तुमच्या यजमानांच्या मनात येईल. ते आपल्या मनाने करू नका, कम्प्लायन्सला विचारून करा, नाहीतर तोही एक नवा व्यवहार म्हणून मोजला जाईल. आणि कुणी विचारलं तर खोटं सांगू नका. मूळ चूक छोटी आणि तिच्यावरचं खोटं मोठं, अशा फायली मी पुष्कळ पाहिल्या.

"मी बघतो सगळं" म्हणणाऱ्या कोचना नम्रपणे सांगा की यापुढे मुलाचा प्रवास आणि खाणंपिणं टीमच्या हिशेबात, आमचा आमच्या. कॉलेजशी बोलणं आम्ही आणि मुलगा करू. ते दुखावतील कदाचित. चालेल.

नोव्हेंबरची तारीख दगडावरची रेघ नाही. पूर्वीचं ते 'लेटर ऑफ इंटेंट', म्हणजे मुलाला कॉलेजशी बांधून घेणारं पत्र, २०२४ मध्ये बंद झालं, आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर, आणि एप्रिलमध्येही ती करता येते. तिकिटांचं उत्तर तोवर आलं नसेल, किंवा चार वर्षांचा कागद द्यायला ते टाळाटाळ करत असतील, तर थांबा. दोन्ही गोष्टी जागेवर असतील आणि मुलाचं 'कोच गेला तरी राहीन' हे मनापासून असेल, तर नोव्हेंबरातच सही करू द्या. सही झाली की इतर कॉलेजांना त्याच्याशी भरतीचं बोलायला मनाई असते, म्हणजे ते दर आठवड्याचे फोनही आपोआप बंद होतील.